शेवटची पेटी साहेबांच्या हस्ते

नाशिकहून परत आल्यापासून गावात जो भेटतो तो तेच विचारतो. पंचवटी केलीत का, काळाराम बघितलात का, त्र्यंबकेश्वराला जाऊन आलात का. मी सांगते, रामकुंडावर पाय ओले केले, देवाला लांबून हात जोडले आणि बाकीचा सगळा वेळ द्राक्षं बघितली. मग पुढचा प्रश्न येतो, गोड होती का? होती, फार गोड होती. पण नुसतं तेवढं सांगून गप्प बसले तर खोटं बोलल्यासारखं वाटतं, म्हणून सगळंच लिहून काढायला बसले आहे.

आधी आम्ही गेलोच का, ते सांगते. आमची राजापूर तालुक्यातल्या आंबा बागायतदारांची एक लहानशी संस्था आहे. अध्यक्ष म्हणजे माझे थोरले दीर, आप्पा. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर चिटणीस झाले, कारण कोणाला तरी लिहावं लागतं आणि बाकीच्यांना बोलायला आवडतं. आमचा आंबा वर्षानुवर्षं वाशीच्या दलालाकडे जातो. तिथून दुबईला जातो, लंडनला जातो म्हणतात. तिकडे तो कोणाच्या नावाने खपतो, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. म्हणून आपली शीतखोली बांधायची, आपणच पेट्या भरायच्या आणि आपणच पाठवायच्या, असा बेत ठरला होता. भिंती उठल्या होत्या, पत्रे चढायचे होते. तेवढ्यात कळलं की नाशिककडे, दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षवाल्यांच्या एका संस्थेने हे सगळं उभं केलंय आणि यंदा त्यांचा पहिला कंटेनर मुंबईच्या व्यापाऱ्याला मध्ये न घेता थेट हॉलंडला निघतोय.

आप्पा म्हणाले, "बघून येऊया गो. आपण काय नवीन शोधून काढायचंय? ते करतात तसं करायचं."

घोटी

दादरहून नाशिकची टॅक्सी केली. कसारा घाट चढून वर आलो आणि घोटीला जेवायला थांबलो. घाटावर म्हणजे नुसती भाकरी मिळणार, या धास्तीने आप्पांनी घरून कोकमाच्या आगळाची बाटली आणली होती. पण घोटीत उतरल्याबरोबर भाताच्या गिरण्यांचा तो तुसाचा वास आला आणि त्यांचा चेहरा फुलला. खानावळीत पानावर वाफाळता इंद्रायणी भात पडला. आप्पांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

खानावळवाल्या बाई बघत होत्या. म्हणाल्या, "खा बाबा पोटभर. पुढं नाशकाकडं भाकरीच मिळंल तुम्हाला."

"तुमचा हा तांदूळ बाहेरदेशी जातो का?" आप्पांनी विचारलं. आमच्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतंच.

"कशाला जाईल? इथंच संपतोय की," बाई म्हणाल्या आणि अजून एक मूद वाढली. त्या बाईंचं समाधान मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं.

नाशिक

नाशिकला पंचवटीत एका लॉजवर उतरलो. बॅग उघडली तर आगळाची बाटली फुटलेली. आप्पांचे दोन्ही पांढरे पायजमे लालभडक झाले होते. धुऊनही डाग गेले नाहीत. पुढचे सगळे दिवस आप्पा कोणाचा तरी खून करून आल्यासारखे हिंडत होते आणि जो तो त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होता.

सकाळी मिसळ खाल्ली. इथे ती पापडाबरोबर आणि दह्याबरोबर देतात, आणि रस्सा काळ्या मसाल्याचा असतो. मला आवडली. आप्पांना घाम फुटला आणि त्यांनी दोन वाट्या दही नुसतंच खाल्लं. मग गंगेवर गेलो. नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि इतक्या सहज म्हणतात की दुसऱ्या दिवशी आपणही म्हणायला लागतो. तिथे फुलांचा बाजार भरला होता. एका टेम्पोत झेंडूचे क्रेट चढत होते. शहराच्या कडेला ज्यांचे मळे आहेत त्यांच्यातलीच एक बाई उभी राहून चढवून घेत होती. एवढी फुलं कुठे चालली, म्हणून मी विचारलं.

"दिंडोरीकडं. उद्या द्राक्षवाल्यांचा कार्यक्रम हाय. साहेब यायचेत."

आम्हीही तिकडेच निघालोय म्हटल्यावर तिने टेम्पोत पुढे जागा करून दिली. वाटेत तिने सांगितलं की साहेब म्हणजे जिल्ह्याचे बडे पुढारी, आणि लग्नसराई असो नसो, त्यांचे कार्यक्रम बारा महिने चालूच असतात. "पूल म्हणू नका, शाळा म्हणू नका, कायबी असलं की तोरण लागतंच. त्यांच्यामुळं आमचा झेंडू कधी पडून राहत नाय."

आमच्याकडे एवढे कार्यक्रम होत नाहीत, कारण एवढं काही बांधलंच जात नाही, असं मी म्हटलं. तिला ते खरंच वाईट वाटलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव होते. आमच्याकडे एका बागायतदाराची बाग संपली की मध्ये काट्यांची वई, मग दगडी गडगा, मग कोर्टातला दावा, आणि त्यापलीकडे दुसऱ्याची बाग. इथे मांडवाला मांडव लागून होते. एका बागेतला माणूस दुसऱ्या बागेतल्या माणसाला तारेखालून तंबाखू देत होता. मला हेवा वाटला.

कोठी

संस्थेचे अध्यक्ष तात्या. बुटके, मिशाळ, फार हळू बोलणारे. त्यांनी आमचं स्वागत केलं, आप्पांच्या पायजम्याकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही, आणि आम्हाला आपल्या सुनेच्या हवाली केलं. सुनेचं नाव मंगल. वय असेल तिशीचं. कोठीचं सगळं काम तीच बघते. ते लोक शीतगृहाला कोठीच म्हणतात.

बाहेर फेब्रुवारीअखेरचं ऊन तापलं होतं आणि मंगलच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता. तिने मलाही एक दिला. आतल्या दालनात बायका ओळीने बसून घड निवडत होत्या. कात्रीने खराब मणी काढायचा, घड पिशवीत घालायचा, पेटीत रचायचा, वर बुरशी धरू नये म्हणून औषधाचा कागद, मग झाकण. बोलणं कमी, कात्र्यांचा आवाज जास्त. बऱ्याचशा पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या होत्या, हंगामापुरत्या आलेल्या. त्यांच्यातल्या एकीला कळलं की मी आंब्याच्या गावची, तेव्हा ती म्हणाली, "आमचे कडं बी आंबे आहात. पन रानचे."

भरलेल्या पेट्या रात्रभर थंड खोलीत ठेवतात. मंगलने तिथलं दार उघडून मला आत घेतलं आणि पटकन लावून टाकलं. इतक्या पटकन, की माझा पदर अडकला.

"हात लावून बघा ताई. लय गार हाय ना? आता ही पेटी हॉलंडात उघडंपर्यंत अशीच गार राहायला पाहिजे. हिला एकदा गारवा दिला की सोडायचा नाय. जरा बाहेरची हवा लागली की मण्याला घाम फुटतो. घाम फुटला की संपलं. वरून दिसत नाय, पण आत बुरशी धरती, नि जहाजावर तीन आठवडे कोण बघायला बसलंय?"

हॉलंडच्या गिऱ्हाइकाशी ती स्वतः फोनवर बोलते. इंग्रजी शाळेत नापास झालेलं, असं तिनेच हसत सांगितलं. "मी गुड मॉर्निंग म्हणते तवा तिकडं अजून अंधार असतो. तो बिचारा झोपेतनं उठून बोलतो. माणूस बरा हाय. म्हणतो, एक कंटेनर नीट येऊ दे, मग दर वर्षी तुमचाच माल घेतो."

आणि नीट नाही पोचला तर, मी विचारलं.

ती स्वेटरची बाही ओढत राहिली. मग म्हणाली, "तर कोठी मुंबईच्या व्यापाऱ्याला भाड्यानं द्यायची. बैठकीत ठरलंच हाय. लोकांनी एकाच हंगामाची मुभा दिली मला. मी घरोघर फिरून माल मागितला ताई. आमच्या सासऱ्यांनीबी आपल्या बागेतला पहिल्या तोडीचा माल यात घातलाय."

त्या गारठ्यात उभं राहून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे हे होईल, असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

रात्री तात्यांच्या घरी बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा होता. आप्पांना दूध-भाकरी दिली. तात्यांनी कोठीची हकिकत सांगितली. जागेचं प्रकरण महसूल खात्यात पडून होतं. जागा मिळाली तर वीज मिळेना. कोठीला वेगळी लाइन लागते, नाहीतर दिवसातून चार वेळा वीज गेली की गारवाही गेला. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पण कोणी दाद दिली नाही. मग तात्या साहेबांकडे गेले.

"साहेबांनी आमच्यासमोर फोन उचलला. नुसतं म्हणाले, आपल्या माणसांचं काम हाय. आठवड्यात खांब रोवायला माणसं आली."

"त्यांच्याशिवाय झालं नसतं?" मी विचारलं.

"नसतं," तात्या शांतपणे म्हणाले. "पलीकडच्या गावात दुसऱ्या गटाची संस्था हाय. त्यांची इमारत आमच्या आधीची. लाइन नाय म्हणून तिथं आता कांदा भरतात."

आप्पा दूध-भाकरी खायची थांबले होते. कोठीत मंगल सांगत होती तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते आणि दोनदा जांभई दिली होती. आता मात्र त्यांचे कान टवकारले होते.

मांडव

सकाळी अकराची वेळ ठरली होती. उजाडायच्या आधीपासून मंगलने कोठीच्या मागच्या दाराला कंटेनर लावून घेतला होता. कोठीचं दार आणि गाडीचं दार एकमेकांना भिडतात, मध्ये रबराची पट्टी असते, बाहेरची हवा आत येत नाही. पेट्या भराभर चढल्या. नऊच्या सुमाराला गाडी भरली. फक्त एका पेटीची जागा रिकामी ठेवली होती. शेवटची पेटी साहेबांच्या हस्ते ठेवायची, मग दार लावून सील मारायचं, मग नारळ, मग हिरवा झेंडा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग उपाध्यक्ष आले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून. त्यांनी कंटेनर पुढच्या अंगणात मांडवासमोर आणायला सांगितला.

मंगल म्हणाली, "इथंच फोडा की नारळ. दार उघडं ठेवून गाडी उन्हात नाय न्यायची."

"साहेबांना काय जनरेटरच्या धुरात उभं करायचं? फोटोवाला कुठं उभा राहील? आणि लोक कुठं बसतील?"

खरंच तिथे माणसं उभी राहायला जागा नव्हती. त्यांचं म्हणणं तसं चुकीचं म्हणता येत नव्हतं. गाडी पुढे आली. दोन्ही दारं सताड उघडून त्यांना झेंडूचं तोरण बांधलं. आमच्याबरोबर टेम्पोतून आलेला तोच झेंडू. शेवटची पेटी लाल कापड घातलेल्या टेबलावर ठेवली. शाळेच्या मुली स्वागतगीताची तालीम करायला लागल्या. गाडीचं थंड हवेचं इंजिन धडधडत होतं, त्यात गाणं ऐकू येईना. माइकवाल्याने हात हलवून इंजिन बंद करायला सांगितलं. ड्रायव्हरने केलं. तो उत्तर प्रदेशचा होता. उतरून मंगलपाशी आला आणि म्हणाला, "मैडम, ठंडा निकल जाएगा." मंगलने मान डोलावली. तिला ते कोणी सांगायची गरज नव्हती.

अकरा वाजून गेले. तात्यांकडे मोबाइल होता, पण त्याला रेंज फक्त कोठीच्या बाहेरच्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर मिळायची. उपाध्यक्ष तो घेऊन वर चढले, बोलले, खाली उतरले. साहेब निघालेत, दुपारच्या आत पोचतायत.

मंगलने आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग सरळ जाऊन तिने तोरण खेचलं, दारं लावली आणि ड्रायव्हरला इंजिन चालू करायला लावलं. मांडवात कुजबूज झाली. शुभकार्याचं तोरण तोडलं म्हणून दोन म्हाताऱ्या हळहळल्या. मला तिच्याकडे बघून अभिमान वाटला. पण तासाभराने पुन्हा निरोप आला की साहेब अगदी वाटेत आहेत, आणि उपाध्यक्षांनी स्वतः दारं उघडली, तोरण गाठी मारून बांधलं, इंजिन बंद केलं. साहेब आल्यावर दार बंद दिसलं तर बरं दिसत नाही, असं ते म्हणाले.

असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मंगल उठलीच नाही.

दुपारी जेवणं झाली. मांडवातले लोक पेंगायला लागले. शेवटी मी तात्यांना गाठलं. तुमच्या सुनेचं सगळं यात आहे हो, गाडी जाऊ द्या, साहेब आले की रिकाम्या अंगणात नारळ फोडतील, असं म्हटलं.

तात्या कंटेनरकडे बघत होते. "ताई, तुम्ही पाहुण्या. गाडी गेली असं त्यांना वाटेत कळलं, तर ते वाटेतनंच मागं फिरतील. काय बोलणार नायत. मोठ्या मनाचे हायेत. पण पुढच्या महिन्यात लाइनचं काय तरी निघंल. एखादा कागद कमी पडंल. मग ही कोठी आणि पलीकडच्या गावची कोठी सारखीच."

"आणि आत माल नासला तर?"

"एक कंटेनर नासंल. कोठी तर राहील."

त्यांचा आवाज हळूच होता. त्यांनी हा हिशेब आधीच करून ठेवला होता, आणि त्यात सून कुठे होती हे मला विचारवलं नाही. मी त्यांच्यावर चिडले आणि त्याच वेळी मला कळत होतं की ते खरं बोलतायत. ही चीड कुठे काढावी तेच समजेना.

तेवढ्यात त्यांनी स्वतः वर चढून फोन लावला. मीही मागोमाग चढले. फोन कोणा कार्यकर्त्याने उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "साहेब आठेच शेतस, तात्या. आते निंघतीन."

"अजून नामपुरातच हायेत," तात्या मला म्हणाले.

नामपूर म्हणजे तिकडे बागलाणात, कांद्याचं मोठं मार्केट. दिल्लीहून कांद्याच्या निर्यातीवर काहीतरी बंधन आलं, व्यापाऱ्यांनी लिलाव थांबवला, शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, आणि साहेब आल्याशिवाय कोणी कोणाशी बोलायला तयार नव्हतं. कांद्याचे ट्रॅक्टर सकाळपासून तिथे उभे होते. म्हणजे साहेब कुठे मजा मारत बसले नव्हते. तिकडचे लोक त्यांच्यासाठी खोळंबले होते, इकडे आम्ही. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात दार लावायला आणि लिलाव उघडायला एकच माणूस.

सावल्या लांब झाल्या तेव्हा धुरळा उडवत गाड्या आल्या. साहेब उतरले. मी मनात त्यांचं जे चित्र काढलं होतं तसे ते अजिबात नव्हते. थकलेला, उन्हाने रापलेला माणूस. आल्या आल्या हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. मुलींचं गाणं पूर्ण ऐकलं. आमची ओळख करून दिल्यावर म्हणाले, "कोकणातनं आलात? हापूस पाठवा हो आम्हाला," आणि आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. आप्पा आपल्या गुडघ्यांवरचे डाग विसरले.

मग ते पेटी ठेवायला गाडीशी गेले. ते स्वतः द्राक्षवाले आहेत, त्यांची बाग त्याच तालुक्यात आहे. पेटी ठेवायच्या आधी सवयीनेच त्यांनी गाडीतल्या कडेच्या पेटीचं झाकण उचललं आणि एक घड हातात घेतला. अंगठ्याने मणी पुसला. अंगठा ओला झाला. तो त्यांनी बघितला. मी दोन हातांवर उभी होते, मंगल माझ्या शेजारी होती, आणि आम्ही तिघांनीही बघितला.

ते काहीतरी म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी मांडवाकडे बघितलं. सकाळपासून बसलेली माणसं, मुली, बाया, तात्या हात जोडून उभे. फोटोवाला म्हणाला, "साहेब, इकडं."

साहेबांनी घड परत ठेवला, झाकण लावलं, रुमालाला अंगठा पुसला आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. टाळ्या झाल्या. दार लागलं, सील बसलं, नारळ फुटला, झेंडा हलला. गाडी मुंबईच्या रस्त्याला लागली.

निघताना त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मला फोन करायचा ना तात्या, पाठवून देतो म्हणून. मी काय नाही म्हटलं असतं?"

"तुमच्याशिवाय कसं पाठवणार साहेब?" तात्या म्हणाले.

साहेबांना ते ऐकून बरं वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तात्यांनाही दिसलं असणार. मंगल तोपर्यंत कोठीत निघून गेली होती. मी तिचा स्वेटर परत द्यायला गेले तर ती रिकाम्या थंड खोलीत पालथ्या पाटीवर बसली होती. मी स्वेटर तिच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, "दार लावा ताई, गारवा जातोय."

परत घोटी

येताना पुन्हा त्याच खानावळीत थांबलो. आप्पा भातावर वरण कालवत होते आणि त्यांचं तोंड थांबत नव्हतं. मी म्हटलं, द्राक्षांना घाम फुटला होता, साहेबांचा अंगठा ओला झालेला मी बघितला. ते म्हणाले, वाईट झालं, पण एक दिवस उशीर झाला म्हणून काय होतंय. आणि मग खऱ्या मुद्द्यावर आले.

"सुलभा, आपल्यात कमी कसली आहे सांगू? आंबा आहे, खोली होईल. असा एक माणूस नाही बघ आपल्या पाठीशी. एका फोनवर लाइन! आपण तीन-फेजसाठी कितीदा गेलो?"

"आप्पा, त्या एका माणसापायीच तर गाडी उन्हात उभी राहिली."

"पण गाडी होती म्हणून उभी राहिली ना? आपल्याकडे गाडीच नाही."

घाट उतरताना मी त्याचाच विचार करत होते. तो माणूस नसता तर कोठी नसती. तो होता म्हणून कोठीचं सार्थक झालं नाही. हॉलंडच्या गिऱ्हाइकाला यातलं काय कळणार? त्याला फक्त पेटी उघडल्यावर दिसेल ते कळणार. खानावळवाल्या बाई म्हणाल्या होत्या, कशाला जाईल, इथंच संपतोय. त्या समाधानाचा आता मला हेवा वाटायला लागला होता.

गाव

एवढं लिहून कागद कपाटात ठेवून दिले होते. पुढचं लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

संस्थेच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. उघडं दार, तोरण, बंद केलेलं इंजिन, ओला अंगठा. सगळ्यांनी नीट ऐकलं. चुकचुकले. नाशिकवाल्यांनी अक्कल गहाण टाकली, असं एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मग पुढचा विषय निघाला, शीतखोलीच्या उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. आप्पा रत्नागिरीला एका साहेबांना भेटून आले होते. आमचे साहेब. त्यांनीही समोरच फोन उचलला म्हणे. तीन-फेजचे खांब पाडव्याच्या आधी आले.

मी म्हटलं, दार बंद ठेवून कार्यक्रम करू. आप्पा म्हणाले, "अगो, आपले साहेब वेळेचे पक्के आहेत."

उद्घाटन सकाळी दहाला होतं. पहिल्या तोडीचे आंबे क्रेटमध्ये भरून, हार घालून खोलीच्या दारात मांडले. पहिला क्रेट साहेबांच्या हस्ते आत जायचा, त्याआधी कोणी न्यायचा नाही, असं ठरलं. दार उघडं होतं. आतलं यंत्र बंद होतं, कारण कळही त्यांच्याच हस्ते दाबायची होती. मी ओवाळायचं ताट घेऊन उभी होते. दुपार झाली. समईची वात दोनदा विझली. आंब्याच्या देठांपाशी चीक सुकून काळा पडायला लागला होता.

संस्थेच्या खोलीतला फोन वाजला. मंगलचा होता.

तिने फार काही सांगितलं नाही. हॉलंडात पेट्या उघडल्या, आत बुरशी निघाली, माल तिथेच टाकून दिला. गिऱ्हाइकाने सॉरी म्हटलं, पण पुढच्या वर्षाचं काही बोलला नाही. कोठी मुंबईच्या व्यापाऱ्याला दिली आहे. त्याने आपला माणूस बसवलाय. ती आता बागेत जाते. साहेबांनी मात्र तात्यांना शब्द दिलाय, कोठी वाढवून देऊ म्हणून.

फार वाईट झालं, मी म्हटलं.

"जाऊ द्या ताई," ती म्हणाली. "तुमचं कसं काय? तुमच्या खोलीचं उद्घाटन झालं का? मी त्याच्यासाठीच फोन केला. सांगायचं होतं, आधी माल आत घाला, दार लावून घ्या, मग काय करायचं ते करा."

खिडकीतून मांडव दिसत होता. क्रेटांवर ऊन आलं होतं. आप्पा नव्या पांढऱ्या पायजम्यात रस्त्याकडे तोंड करून उभे होते, हात जोडायच्या बेतात.

"आजच आहे," मी म्हटलं. "साहेब निघालेत म्हणतात."

मग मंगल म्हणाली, "बरं. ठेवते मग."